पिवळी, लाल आणि काळी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

गाडीत बसलं, किल्ली फिरवली आणि गाणं सुरू झालं, की ते कुठून आलं याचा विचार आपण करत नाही. करायचं कारणही नसतं. पण ते गाणं ज्या डब्यातून येतं, तो डबा आपल्या गाडीला कसा जोडलेला आहे, हे प्रत्येक गाडीवाल्यानं एकदा तरी पाहावं, असं माझं मत आहे. आज मी त्याविषयीच बोलणार आहे. बाजारातून आणलेला स्टिरिओ आपल्या गाडीत आपण स्वतः बसवायचा, हा आजचा विषय.

विषय ऐकून काही जण म्हणतील, अहो, एवढ्यासाठी माणसं आहेत की! दुकानदार सेट विकतो आणि त्याचा कारागीर अर्ध्या तासात बसवूनही देतो. खरं आहे. त्या कारागिराच्या पोटावर पाय आणायचा माझा मुळीच विचार नाही. मी स्वतः इंजिनिअर नाही, आयुष्यभर बँकेत आकडेमोड केली. घरातली बारीकसारीक दुरुस्ती आपल्या हातानं करावी, एवढीच हौस. पण या एका कामानं मला असं काही दाखवलं, की ते चार लोकांना सांगावंसं वाटतं. तुम्ही स्वतः पक्कड हातात घेणार नसलात, तरी दुसऱ्यानं केलेलं काम तुम्हाला तपासता यावं, एवढा तरी त्याचा उपयोग होईल.

आधी थोडा इतिहास. अमेरिकेत शिकागोमध्ये पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांच्या कंपनीनं १९३० साली मोटारीत बसवायचा रेडिओ विकायला काढला आणि त्याला नाव दिलं मोटोरोला. पुढे कंपनीनंही तेच नाव घेतलं. त्या काळी मोटारीत रेडिओ बसवायचा म्हणजे गाडीवर शस्त्रक्रियाच असे. व्हॉल्व्हचा सेट, त्याच्या बॅटऱ्या, छतात दडवलेली एरियल, एवढा संसार गाडीत मांडावा लागे. शिवाय इंजिनाची खरखर रेडिओत येऊ नये म्हणून आणखी खटपट. जाणकाराशिवाय ते काम होणं शक्यच नव्हतं. पुढे ट्रान्झिस्टर आला, १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली, आणि सेट लहान होत गेला.

आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या दारात गाडी उभी राहू लागली. साध्या मॉडेलमध्ये टेप नसायचा. गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले, की दुसरा मुक्काम अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात. सीट कव्हर, पायाखालचं मॅटिंग आणि टेप, ही तेव्हाची त्रिसूत्री होती. मागच्या काचेखालच्या फळीवर दोन मोठे लंबगोल स्पीकर बसवले, की गाडीवाल्याला कृतकृत्य वाटायचं.

आता मधल्या काळात एक फार चांगली गोष्ट झाली. जर्मनीच्या मानक संस्थेनं सेटच्या खाचेचं माप ठरवून दिलं. संस्थेच्या नावाची आद्याक्षरं डी, आय, एन, म्हणून त्या मापाला डिन म्हणतात. रुंदी १८० मिलिमीटर आणि उंची ५० मिलिमीटर. उंची दुप्पट केली, म्हणजे १०० मिलिमीटर, की झालं डबल डिन. पुढे हे माप जगभर रुळलं. त्यामुळे सेट जपानचा असो, कोरियाचा असो, नाहीतर आणखी कुठला, तो तुमच्या गाडीच्या खाचेत बसतो. जिथे शस्त्रक्रिया लागत होती, तिथे आता पेटीत खण सरकवण्याइतकं काम उरलं. मात्र खण सरकवणं सोपं झालं, म्हणून मागच्या वायरी कशाही जोडून चालतात असं नाही. सगळी मेख तिथेच आहे.

२०१२ साली मी पुण्यात एक जुनी मारुती ८०० विकत घेतली. २००६ चं मॉडेल होतं. इंजिन ठणठणीत, पत्रा स्वच्छ, फक्त स्टिरिओ मुका. मुलगी तेव्हा अकरावीत होती. वर्षा-दीड वर्षात ती गाडी शिकणार आणि हीच गाडी चालवणार, हे घरात ठरूनच गेलं होतं. ती म्हणाली, "बाबा, नवा सेट घेऊ या, पण बसवायचा आपण." म्हटलं, ठीक आहे.

एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही जुना सेट बाहेर ओढला. तिनं टॉर्च धरला आणि मी आत डोकावलो. मागे वायरींचा जो गुंता होता, त्याला मी गुंता म्हणणार नाही, चिमणीचं घरटं म्हणेन. वायरींची टोकं सोलून एकमेकांना पीळ दिलेला आणि वर टेप गुंडाळलेली. पुण्यातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड किती तापतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या उष्णतेनं टेपचा गोंद पाघळला होता आणि टेप केळीच्या सालीसारखी सुटून लोंबत होती. आतलं तांबं उघडं.

पण खरी गोष्ट पुढेच होती. सेटची मुख्य वायर गाडीच्या फ्यूज बॉक्समधून आलेली नव्हती. कुणीतरी ती थेट बॅटरीवरून आणली होती. बॉनेटखालून गाडीच्या आत येताना ती पत्र्याच्या एका भोकातून ओढली होती. भोकाला रबरी ग्रोमेट नव्हतं. पत्र्याची कड सुरीसारखी, आणि गाडी धावताना वायर त्या कडेवर घासत होती. वरचं प्लास्टिक जवळजवळ अर्धं झिजलेलं. आणि या वायरीत फ्यूज जिथे असायला हवा, तिथे फ्यूजऐवजी तांब्याच्या चार तारा पिळून घातलेल्या.

मुलीनं विचारलं, "बाबा, यात वाईट काय आहे? करंट तर जातोच आहे ना?"

प्रश्न अगदी बरोबर होता. करंट जात होता, तोच तर धोका होता. इथे मला फ्यूज म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण त्याविषयी एक मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं, फ्यूज सेट वाचवण्यासाठी असतो. पण मुख्यतः तो वायर वाचवण्यासाठी असतो. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. हात लावला तर झटकाही बसत नाही, म्हणून आपण तिला गरीब समजतो. पण हीच बॅटरी स्टार्टर मारताना शंभराच्या वर अँपिअर देते. समजा, ती घासलेली वायर एके दिवशी पत्र्याला टेकली. गाडीचा पत्रा म्हणजे बॅटरीचं दुसरं टोकच. मग त्या बारीक वायरीतून बॅटरी आपली सगळी ताकद ओतणार. वायर इस्त्रीच्या कॉइलसारखी लाल होणार, आणि तिच्या शेजारी काय असतं? प्लास्टिक, गालिचा, फोम. दहा-वीस रुपयांचा फ्यूज अशा वेळी डोळ्याची पापणी लवायच्या आत स्वतः वितळतो आणि वाट तोडतो. त्याच्या जागी तांबं पिळून घातलं, म्हणजे घराच्या राखणदाराला सुट्टी देऊन दार उघडं टाकलं.

ज्या गाडीतून आपली मुलगी उद्या एकटी जाणार आहे, त्या गाडीत हे होतं. गाडी घेताना मी टायर पाहिले होते, इंजिनाचा आवाज ऐकला होता, कागदपत्रं तपासली होती. डॅशबोर्डच्या मागे पाहायची पद्धतच नाही. ही जोडणी कुणी केली ते मला माहीत नाही आणि त्यानं मुद्दाम वाईट केलं असंही मी म्हणणार नाही. फ्यूज सारखा उडत असेल, गिऱ्हाईक घाईत असेल, त्यानं सोपा उपाय केला. पण फ्यूज उडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. त्याचं तोंड बंद करणं हा उपाय नव्हे.

आम्ही ती वायर बॅटरीपासून मुळासकट काढून टाकली आणि मग नव्या कामाला लागलो. ते कसं केलं, ते आता क्रमानं सांगतो.

पहिली गोष्ट सामान. तपकीर गल्लीत सगळं मिळतं. एक साधा मल्टिमीटर, वायर सोलायची पक्कड, क्रिंप करायची पक्कड आणि तिची टोकं, थोडी हीट श्रिंक नळी, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आपल्या गाडीचा कपलर. गाडीतून जी वायरींची जुडी येते, तिच्या टोकाला प्लास्टिकचा एक कपलर असतो. प्रत्येक कंपनीचा आकार वेगळा. पण एका बाजूला तुमच्या गाडीचा आणि दुसऱ्या बाजूला सेटचा, असा जोडकपलर बाजारात थोडक्या पैशांत मिळतो. तो घेतला की गाडीची एकही मूळ वायर कापावी लागत नाही. "काका, काप मारा की सरळ, कशाला पैसे घालवता?" असं मला दुकानातल्या मुलानंच सांगितलं. पण कापलेली वायर पुन्हा मूळपदावर येत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर कापलेल्या वायरीवरून पुढे वाद होऊ शकतो, तो वेगळाच.

दुसरी गोष्ट, हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं आणि दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीचं निगेटिव्ह, म्हणजे काळं टोक आधी सोडवायचं. आधी काळंच का? कारण लाल टोक सोडवताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला, तर ठिणग्यांची दिवाळी होते. काळं आधी सुटलं असेल, तर पाना कुठेही लागो, सर्किट पूर्णच होत नाही. जोडताना क्रम उलटा, काळं टोक सर्वांत शेवटी.

आता वायरींचे रंग. नव्या सेटच्या मागून वायरींची शेपटी निघते आणि ती पाहूनच निम्मी माणसं माघार घेतात. पण तिच्यात मुख्य वायरी तीनच. पिवळी, लाल आणि काळी.

पिवळी म्हणजे अखंड करंट. गाडी बंद असली तरी तिच्यात बारा व्होल्ट असायला हवेत. सेटचं घड्याळ आणि तुम्ही लावून ठेवलेली स्टेशनं तिच्यामुळे लक्षात राहतात. लाल म्हणजे किल्लीचा करंट. किल्ली पहिल्या खटक्यावर नेली की तिच्यात व्होल्ट यायचे, किल्ली काढली की जायचे. सेटला जागं करायचं आणि झोपवायचं काम तिचं. काळी म्हणजे अर्थ. ती गाडीच्या पत्र्याला जाते.

या पहिल्या दोघींची अदलाबदल झाली तर सेट वाजतो, पण किल्ली काढली की सगळं विसरतो. दर सकाळी घड्याळ बारा वाजवून बसलेलं. पुष्कळ लोक याला सेटचा दोष समजून कंपनीला शिव्या देतात. दुसरा प्रकार त्याहून त्रासाचा. दोन्ही वायरी एकत्र करून अखंड करंटवर लावल्या, की किल्ली काढल्यावरही सेट जागाच राहतो. त्यानं नुसता अर्धा अँपिअर घेतला असं धरा. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. हिशेब करा, सत्तर तासांत, म्हणजे तीन दिवसांत बॅटरी रिकामी. तुम्ही शुक्रवारी गावाला गेलात आणि सोमवारी परत आलात, तर गाडी ढकलायला शेजारी बोलवावे लागतील.

इथे एक खबरदारी. हे रंग सेटच्या बाजूचे आहेत. गाडीच्या बाजूला प्रत्येक कंपनीचे रंग निराळे. त्यामुळे रंगावर विसंबायचं नाही, मीटरला विचारायचं. एवढ्या तपासणीपुरती बॅटरी परत जोडायची, मीटर डीसीच्या वीस व्होल्टवर ठेवायचा, काळी दांडी स्वच्छ पत्र्याला आणि लाल दांडी कपलरच्या एकेका पिनेला. किल्ली बंद असताना कुठे बारा येतात, किल्ली फिरवल्यावर कुठे येतात, हे कागदावर टिपायचं. माझ्या मुलीनं हे काम केलं, आणि पाच मिनिटांत तिला डॅशबोर्डमागचा नकाशा माझ्याइतकाच कळला. मग काळं टोक पुन्हा सोडवून आम्ही जोडणीला लागलो.

राहिल्या स्पीकरच्या वायरी. त्या जोडीजोडीनं असतात. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची आणि जांभळी मागच्या उजव्याची. प्रत्येक जोडीत जिच्यावर काळी रेघ ती निगेटिव्ह. आता नीट लक्ष द्या, कारण जुन्या गाडीत नवा सेट बसवताना सेट जळतो तो बहुधा इथे. जुन्या टेपच्या काळात कित्येक गाड्यांत स्पीकरची एक वायर सरळ पत्र्याला जोडलेली असायची. तेव्हाच्या सेटना ते चालत होतं. आताच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं, म्हणजे कुठलीच वायर खऱ्या अर्थानं अर्थ नसते. काळ्या रेघेची वायर निगेटिव्ह म्हणवते म्हणून तिला पत्र्याला लावली, की सेटच्या आतला अ‍ॅम्प्लिफायर धोक्यात. म्हणून प्रत्येक स्पीकरच्या दोन वायरी सुट्या, सेटपासून स्पीकरपर्यंत. पत्र्याचा संबंध नाही. माझ्या गाडीत मागच्या फळीवरचे दोन्ही स्पीकर असेच एका सामाईक अर्थवर होते. त्यांना नव्या जोडवायरी टाकाव्या लागल्या.

स्पीकरचं प्लस कुठलं आणि मायनस कुठलं, हे कळत नसेल तर एक गमतीदार युक्ती आहे. स्पीकर सेटपासून सुटा असताना भिंतीवरच्या घड्याळातला साधा दीड व्होल्टचा सेल घ्यायचा आणि त्याची टोकं क्षणभर स्पीकरला टेकवायची. स्पीकरचा पडदा बाहेर उडी मारतो की आत ओढला जातो ते पाहायचं. बाहेर आला, तर सेलचं प्लस जिथे आहे ते स्पीकरचं प्लस. हे कशासाठी? एका स्पीकरची जोडणी उलटी झाली, तर एक पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. दोघांचं भांडण होतं आणि त्यात तबल्याचा बायाँ आणि ढोलकीचा घुमारा हरवतो. लोक मग बास वाढवत बसतात. बटणात काही नसतं, दोन वायरींची अदलाबदल केली की घुमारा परत येतो.

जोड कसे द्यावेत? पीळ आणि टेप, हे तर नकोच. एकतर योग्य मापाचं टोक लावून क्रिंप करावं, किंवा डाख देऊन वर हीट श्रिंक नळी चढवावी. गाडी सतत थरथरते. आज घट्ट वाटणारा पीळ दोन पावसाळ्यांत सैल होतो. अर्थची काळी वायर जिथे लावायची, तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसला पाहिजे आणि बोल्ट आवळला पाहिजे. अर्थ ढिला राहिला, की गाणं चालू असताना मागे एक बारीक शीळ ऐकू येते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिची पट्टी चढते, सोडला की उतरते. तो आवाज गाडीच्या अल्टरनेटरचा असतो. बऱ्याचदा एका बोल्टनं तो बंद होतो.

आणि फ्यूज. सेटच्या मागेच एक फ्यूज असतो, बहुतेक सेटना दहा किंवा पंधरा अँपिअरचा. दहाचा लाल, पंधराचा निळा. तो उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घालायचा, मोठा नाही. आणि काही कारणानं वायर थेट बॅटरीवरून आणावीच लागली, तर फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा, कारण फ्यूजच्या अलीकडे जेवढी वायर, तेवढी बिनराखणीची. पत्र्याच्या भोकात ग्रोमेट हवंच. ते रबरी कडं काही रुपयांचं असतं.

या फ्यूजवरून एक गंमत सांगतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ५० वॅट गुणिले ४, म्हणजे दोनशे वॅट. माझ्या सेटचा फ्यूज होता दहा अँपिअरचा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण चौदा व्होल्ट असतात. दहा गुणिले चौदा, एकशे चाळीस वॅट. आत येणारी वीजच एकशे चाळीस वॅटची, तर बाहेर सतत दोनशे वॅटचा आवाज येणार कुठून? हिशेबाची सवय असलेल्या माणसाला हे लगेच खटकतं. खोक्यावरचा आकडा क्षणभराच्या शिखराचा असतो. सलग मिळणारी ताकद एका स्पीकरमागे वीस वॅटच्या आसपास, आणि बंद गाडीत ती कानठळ्या बसायला पुरते. तेव्हा खोक्यावरचे वॅट पाहून सेट घेऊ नका, फ्यूज पाहा.

रेडिओवरून बोलतो आहे, तर रेडिओविषयीही एक सांगायला हवं. बाहेरदेशी वापरलेले सेट आपल्या बाजारात स्वस्तात मिळतात. जपानसाठी बनलेल्या जुन्या सेटचा एफएम पट्टा ७६ पासून ९० मेगाहर्ट्झला संपतो, आणि आपली बहुतेक स्टेशनं नव्वदच्या वर. अमेरिकेसाठी लावलेला सेट मीडियम वेव्हवर दहा-दहा किलोहर्ट्झच्या उड्या मारतो, तर आपली स्टेशनं नऊच्या पाढ्यात बसवलेली. त्यामुळे तो नेमकं स्टेशन ओलांडून पुढे जातो. नव्या सेटमध्ये प्रदेश बदलायची सोय बहुधा असते, ती पहिल्याच दिवशी तपासावी. एरवी तुम्ही म्हणाल, एरियल खराब आहे.

आता थांबायचं कुठे, हेही सांगायला हवं. आपण आपलं काम करण्यात तेही येतं. मी ज्या गाडीविषयी बोललो, तिच्यात एअरबॅग नव्हती. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे बनणाऱ्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. तिच्या वायरी आणि कपलर सहसा पिवळ्या रंगाचे असतात. सेटच्या शेपटीतली पिवळी आपली, पण गाडीतल्या पिवळ्या वेष्टणातल्या जुडीला हात लावायचा नाही. मीटरची दांडीसुद्धा नाही. बॅटरी सोडवल्यावरही त्या यंत्रणेत काही वेळ चार्ज शिल्लक राहतो. आणि ज्या गाड्यांत एसी, मागचा कॅमेरा, गाडीच्या इतर सूचना, सगळं एकाच पडद्यावर चालतं, तिथे तो पडदा काढणं म्हणजे नुसता स्टिरिओ बदलणं राहत नाही. तिथे जाणकाराकडेच जावं. जुन्या, साध्या, खाचेत सेट सरकवायच्या गाड्या मात्र रस्त्यावर आजही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याच डॅशबोर्डमागे चिमणीची घरटी जास्त आहेत.

सगळं जोडून झालं की सेट खाचेत ढकलायच्या आधी वाजवून पाहायचा. डावा-उजवा, पुढचा-मागचा, एकेक स्पीकर वेगळा ऐकायचा. किल्ली काढून पुन्हा लावायची आणि घड्याळ जागेवर आहे ना, ते बघायचं. मग वायरी बांधून सेट आत. आम्हाला त्या दिवशी सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत वेळ लागला. कारागिरानं अर्ध्या तासात केलं असतं, हे मी नाकारत नाही. पण सांगायची गोष्ट अशी, की मजुरीचे पैसे वाचले हा त्यातला सगळ्यात छोटा फायदा होता.

मोठा फायदा हा, की त्या गाडीतून मुलगी पुढे कॉलेजला जायला लागली तेव्हा डॅशबोर्डच्या मागे काय आहे, हे मला ठाऊक होतं. आणि तिला स्वतःलाही ठाऊक होतं. एकदा तिच्या मैत्रिणीच्या गाडीत फ्यूज तिसऱ्यांदा उडाला, आणि कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून तो परत बसवायला निघालं. ती म्हणाली, "तो उडतोय म्हणजे कुठेतरी वायर घासतेय. आधी ती शोधा." शोधली तेव्हा सीटच्या रुळाखाली दबलेली सापडली. त्या दिवशी मला वाटलं, पार्किंगमधले ते पाच तास सत्कारणी लागले.

आणखी एक काम आम्ही केलं होतं. मुलीनं टिपलेला तो कागद, कुठली वायर कुठे जाते, फ्यूज किती अँपिअरचा, अर्थ कुठल्या बोल्टला, हे सगळं स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कप्प्यात ठेवलं. २०१९ मध्ये गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याच्या हातात किल्ल्यांबरोबर तोही दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हे कशाला?" म्हटलं, तुमच्यानंतर जो कोणी हा सेट काढेल, त्याच्यासाठी.

तुम्ही स्वतः हे काम करा असा माझा आग्रह नाही. पण कारागिराकडे गेलात, तर शेजारी उभे राहा आणि त्याला चार प्रश्न विचारा. गाडीची वायर कापणार की कपलर लावणार? पिवळ्या वायरीत फ्यूज कुठे आहे आणि किती अँपिअरचा? अर्थ कुठे दिला? जोडावर टेप मारणार की नळी चढवणार? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट खूश होतो, कारण त्याच्या कामाकडे पाहणारं गिऱ्हाईक त्याला क्वचितच भेटतं. आणि जो रागावेल, त्याच्याकडे आपली गाडी सोडायची की नाही, हे तुम्ही ठरवा.